आवाज येऊन राहिला का?

ऑनलाइन चर्चासत्र, ज्याला व्यवहारात वेबिनार म्हणतात, तीन गोष्टींनी पूर्ण होते: वक्ता, लिंक आणि प्रमाणपत्र. श्रोता असल्यास शोभा वाढते. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांना हा प्रकार बराच आधीपासून माहीत होता. तालुक्याच्या गावी तो टाळेबंदीने आणला. २५ मार्च २०२० पासून देश घरात बसला, कॉलेजे बंद झाली, आणि मे महिना लागेपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरच्या प्राध्यापकाला गोंदियापासून गोव्यापर्यंतची आमंत्रणे येऊ लागली. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, शाळेतले शिक्षक, सगळ्यांवरच ही वेळ आली. डॉक्टरांची गरज समजण्यासारखी आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी होते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. प्राध्यापकांच्या बाबतीत गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते हे अजून ठरलेले नाही, म्हणून प्रथम सहभागाच्या अभ्यासाला तोच नमुना सोयीचा. नमुना मलकापूरचा, पन्नाशीच्या आसपासचा, आणि तोवर संगणकाचे प्रत्येक काम विद्यार्थ्याला शेजारी बसवून करून घेणारा.

पूर्वीचे चर्चासत्र कसे असे, हे आधी सांगणे भाग आहे. मलकापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावर भुसावळ सोडून विदर्भात शिरताना लागणारे महत्त्वाचे स्टेशन. रात्री विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून थेट कोल्हापूरला नेते. चर्चासत्राला जायचे म्हणजे महिनाभर आधी आरक्षण, कर्तव्य रजेचा अर्ज, प्राचार्यांची सही आणि परत आल्यावर प्रवासभत्त्यासाठी बाबूंच्या टेबलाशी फेऱ्या. त्या बदल्यात एक झोळा, एक फाईल, एक न चालणारे पेन आणि जेवणाचे कुपन मिळत असे. खरी चर्चा हातात ताट घेऊन, पनीरच्या रांगेत होई. कोणाची बदली, कोणाची पीएच.डी. अडकली, कोणते मासिक पैसे घेऊन लेख छापते, ही माहिती व्यासपीठावरून कधीच मिळालेली नाही. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते १९६७ साली भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनाही भोपाळला जावेच लागले होते. विद्वत्तेचा आणि प्रवासाचा संबंध असा जुना आहे.

घरच्यांच्या दृष्टीने चर्चासत्र म्हणजे दोन दिवस सर घरात नसणे, आणि नागपूर-अमरावतीकडून परतताना गाडी शेगावला थांबली तर कचोरीचा पुडा येणे. आत काय चालते ते कोणी पाहिलेले नव्हते. चर्चासत्राची सगळी प्रतिष्ठा या न पाहण्यावर उभी होती, आणि ऑनलाइन चर्चासत्राने पहिला घाला घातला तो याच ठिकाणी.

आमंत्रण व्हॉट्सअॅपवर पोस्टरच्या रूपात येते. पोस्टरच्या माथ्यावर संस्थेचे अध्यक्ष, त्याखाली सचिव, मग प्राचार्य, मग अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे समन्वयक, संयोजक, सहसंयोजक आणि आयोजन सचिव. या सर्वांचे फोटो गोल चौकटीत असतात. ज्यांचे व्याख्यान आहे त्या तज्ज्ञांचा फोटो तळाशी, बारकोडच्या शेजारी, जागा उरल्यास. विषय कोणताही असो, त्याचा शेवट 'आव्हाने आणि संधी' असा होतो. त्या वर्षी 'कोविडोत्तर' हा शब्दही सगळीकडे होता. कोविड ऐन भरात असताना त्याच्या नंतरचा काळ विद्वानांनी दोन-अडीच महिन्यांतच अभ्यासून संपवला. पोस्टरवरची दोन वाक्ये मात्र जाड ठशात असतात: 'नोंदणी विनामूल्य' आणि 'सर्व सहभागींना ई-प्रमाणपत्र'. अनुभवी वाचक एवढेच वाचतो. नवखा सहभागी विषयही वाचतो, आणि यावरूनच तो नवखा असल्याचे ओळखता येते.

चर्चासत्र राज्यस्तरीय, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत चर्चासत्रात निबंध वाचणाऱ्याला किंवा निमंत्रित व्याख्यात्याला द्यायच्या गुणांचा तक्ता आहे: परदेशात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय चर्चासत्राला ७, देशात होणाऱ्या आंतरराष्ट्रीयला ५, राष्ट्रीयला ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरच्याला २. या तक्त्यात नुसत्या श्रोत्यासाठी रकाना नाही. तरीही श्रोत्यांनी प्रमाणपत्रे अशी जमवली की जणू प्रत्येकामागे भूखंड मिळणार आहे. तक्ता करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विमान होते, खाट नव्हती. त्यामुळे मलकापुरातल्या खाटेवर बसून दुबईच्या चर्चासत्रात निबंध वाचणारा माणूस परदेशात धरायचा की देशात, यावर कॉलेजच्या कार्यालयात बरीच चर्चा होऊ शकते. आयोजकांनी आंतरराष्ट्रीयत्वाचा प्रश्न स्वतःपुरता सोपा करून टाकला. संयोजकांचा एखादा वर्गमित्र न्यू जर्सीत असतो. त्याला रात्री जागवून दहा मिनिटे बोलते केले की चर्चासत्र आंतरराष्ट्रीय होते. तो संगणक अभियंता असतो आणि विषय संतसाहित्य असतो, पण नकाशावर दोन देश आले की पुरे.

नोंदणी गूगल फॉर्मवर होते. नाव, पदनाम, कॉलेज, जिल्हा, ईमेल, व्हॉट्सअॅप क्रमांक. फॉर्म भरणे हे पूर्वी बाबूंचे काम होते, त्यामुळे पहिल्या वेळी घरातल्या दहावीतल्या मुलीला हाक जाते. तिच्या हाताला वेग असतो आणि वडिलांच्या विषयाबद्दल आस्था नसते. येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या फॉर्ममध्ये जे टंकले जाईल तेच पुढे प्रमाणपत्रावर छापून येते; मध्ये माणसाचा डोळा कुठेही लागत नाही. मलकापूरकराला आणखी एक धोका असतो. महाराष्ट्रात मलकापूर एक नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीकडे एक आहे, कऱ्हाडला लागून एक आहे, अकोला शहरालगत एक आहे. जिल्ह्याच्या यादीत बोट एक ओळ वर-खाली सरकले तर माणूस पश्चिम महाराष्ट्रात जाऊन पडतो.

मग जागेचा प्रश्न. चर्चासत्राला टेबल-खुर्ची चालते, पण नेटवर्क टेबलाशी येतेच असे नाही. स्लॅबच्या घरात ते साधारणपणे खिडकीपाशी, गच्चीच्या जिन्यात किंवा देवघराच्या कोपऱ्यात सापडते, आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असताना जिना हा फक्त पापड वाळवण्याजोगा राहतो. म्हणून खिडकी. खिडकीकडे पाठ करून बसले की नेटवर्क येते, पण कॅमेरा मागच्या उन्हाचा हिशेब धरतो आणि सहभागीचा चेहरा काळा ठिक्कर होतो. पहिल्या चर्चासत्रात अनेक मान्यवर असे केवळ बाह्यरेषेने उपस्थित असतात. मोबाइल उभा करण्यासाठी डाळीचा डबा, त्यामागे शब्दकोश आणि खाली पाट अशी रचना करतात. सत्राच्या मध्यावर मोबाइल पुढे पडतो आणि सहभागींना काही काळ छताचा पंखा पाहायला मिळतो.

कूलर हा स्वतंत्र विषय आहे. तो बंद केला तर माणूस टिकत नाही, सुरू ठेवला तर शब्द टिकत नाहीत, अशी समजूत पहिल्या दिवशी असते. प्रत्यक्षात उलटे घडते. या अॅपांमध्ये पार्श्वभूमीचा आवाज गाळण्याची सोय असते, आणि एका सुरात चालणारी घरघर ओळखून काढून टाकणे तिला सोपे जाते. जे अचानक येते ते तिच्या हातून सुटते: कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाक, दारावरची कडी. म्हणजे दिवसभर त्रास देणारा कूलर राष्ट्रीय पातळीवर कोणालाच ऐकू येत नाही, आणि एकदाच वाजलेली शिट्टी अध्यक्षांपर्यंत पोचते.

डेटाचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता. चित्रासह चांगल्या प्रतीची बैठक सेकंदाला साधारण १.२ मेगाबिट ओढते असे धरले, तर तासाला सुमारे ५४० मेगाबाइट होतात. घरोघरच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबी मिळतो. तीन तासांचे उद्घाटनासह सत्र तो पुरता खाऊन टाकते, तोही चहापानाशिवाय. नुसता आवाज ऐकला तर सेकंदाला ६० ते ८० किलोबिटवर भागते, पण पहिल्या वेळी कॅमेरा बंद ठेवणे हा तज्ज्ञांचा अपमान वाटतो. मुलीची शाळाही त्याच मोबाइलवर असेल, तर शिक्षण क्षेत्रातली खरी आव्हाने आणि संधी त्या घरात विनामूल्य पाहायला मिळतात.

पोशाखाबाबत एकमत आहे: कमरेच्या वर शर्ट इस्त्रीचा, खाली जे असेल ते. वकिलांना ही मर्यादा लवकर कळली. एप्रिल २०२० मध्ये राजस्थान उच्च न्यायालयात जामिनाच्या सुनावणीला एक वकील बनियनवर हजर झाले आणि न्यायमूर्तींनी सुनावणी पुढे ढकलली. तंत्राचा अतिरेक झाला तर उलट्या बाजूनेही फसगत होते. ९ फेब्रुवारी २०२१ ला अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एक वकील सुनावणीत मांजराच्या तोंडाने प्रकटले, आणि ते घालवता येईना म्हणून आपण मांजर नसल्याचे त्यांना न्यायाधीशांसमोर सांगावे लागले. मलकापूरचा सहभागी या बाबतीत सुरक्षित असतो, कारण त्याला मांजर कुठून लावायचे हेच माहीत नसते. त्याची अडचण वेगळी. पडद्यावर स्वतःची प्रतिमा आरशासारखी उलटी दिसते, त्यामुळे मागच्या भिंतीवरचे 'सत्यमेव जयते' किंवा सुविचाराचे कॅलेंडर उलटे वाचले जाते. इतरांना ते सुलटच दिसत असते. तरीही तो उठून कॅलेंडर काढतो आणि खाली भिंतीचा उडालेला रंग उघड्यावर येतो.

ठरल्या वेळी लिंक दाबली की थेट आत घेत नाहीत. आधी प्रतीक्षा कक्ष. १६ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम हे सुरक्षित माध्यम नसल्याचे जाहीर केले होते आणि वापरायचेच असेल तर प्रतीक्षा कक्ष ठेवा, सगळे आल्यावर बैठकीला कुलूप लावा, अशा सूचना दिल्या होत्या. आयोजकांनी पहिली सूचना आनंदाने स्वीकारली, कारण त्यात पाहुण्यांना दाराशी थांबवून ठेवता येते. दुसरी मात्र जमणारी नव्हती. सगळे आले असा क्षण महाराष्ट्रातल्या कार्यक्रमात येत नाही. प्रतीक्षा कक्षातून आत सोडण्याचे काम संगणक विभागातल्या सर्वांत तरुण, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे असते. कार्यक्रमात सर्वांत जास्त काम तोच करतो आणि आभारप्रदर्शनात त्याचे नाव 'ज्ञात-अज्ञात' मध्ये जाते.

आत गेल्यावर प्रत्येकाच्या चौकटीखाली नाव दिसते. ते नाव माणसाचे असेलच असे नाही. अॅप मोबाइलला जे नाव दिले आहे ते उचलते, त्यामुळे मान्यवरांच्या मांदियाळीत रेडमी, ओप्पो, 'मम्मी' आणि एखादी स्वीटी बसलेली असते. सूत्रसंचालक अदबीने म्हणतात, "स्वीटी, कृपया आपला माइक बंद करावा," आणि मराठी विभागाचे प्रमुख माइक बंद करतात.

यानंतर येतो सर्व ऑनलाइन चर्चासत्रांचा पाया असलेला संवाद.

"आवाज येऊन राहिला का?"

"हाव सर, येऊन राहिला."

"नाही, माझा येऊन राहिला का?"

"तुमचाच येऊन राहिला सर. तुम्हाला आमचा येऊन राहिला का?"

"काय म्हणता? तुटून राहिलं."

हा संवाद किती वेळ चालावा याला शास्त्राने मर्यादा घातलेली नाही, पण त्याचे कारण मात्र सांगितले आहे. समोरासमोर बोलताना एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. २००९ साली दहा भाषांच्या बोलण्यावर झालेल्या एका अभ्यासात सरासरी जवळपास तेवढीच निघाली. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण नैसर्गिक वाटते. मलकापुरातल्या खिडकीपाशी तो इतका वेळेवर पोचत नाही. म्हणून दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, "बोला ना सर", "नाही नाही, आपण बोला" असे होते, आणि पुन्हा दोघे एकदम बोलतात. इतर समाजांत ही अडचण काही सेकंदांत मिटत असेल. जिथे ज्येष्ठाला आधी बोलू देण्याची रीत आहे आणि ज्येष्ठ कोण याबद्दल विभागात आधीपासून वाद आहे, तिथे ती लांबते. त्यात एखाद्या घरात नवरा-बायको दोघेही प्राध्यापक असतील आणि एकाच खोलीत दोन मोबाइल लावून बसले असतील, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधून परत शिरतो आणि सगळे चर्चासत्र विहिरीत उतरते.

उद्घाटन पूर्वीसारखेच होते. ईशस्तवन आणि विद्यापीठगीत ध्वनिमुद्रित असते. दीपप्रज्वलन प्राचार्य आपल्या घरी करतात; काही ठिकाणी समई पेटण्याचा तयार व्हिडिओ लावतात, जो अध्यक्षांच्या हाताची वाट न पाहता पेटतो. शब्दसुमनांनी स्वागत हा प्रकार मात्र इथे प्रथमच शंभर टक्के खरा ठरला, कारण दुसरी सुमने पाठवण्याची सोय नाही. पाहुण्यांच्या परिचयात त्यांचे सर्व शोधनिबंध वाचून दाखवतात. झूमच्या फुकट खात्यावर बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा असते आणि १०० जणांपुरती जागा. ज्या कॉलेजांनी पैसे भरले नव्हते, तिथे बीजभाषक "सर्वप्रथम मी आयोजकांचे" इतके म्हणतात आणि बैठक संपते. कोणी कोणाला शिष्टाचारात कमी पडले नाही, वेळही मर्यादेत राहिली, फक्त व्याख्यान राहून गेले. दुसरी लिंक येईपर्यंत सहभागी काळ्या पडद्याकडे पाहत बसतो, कारण सभागृहातून आधी उठणे बरे दिसत नाही ही सवय एका दिवसात जात नाही.

व्याख्यान सुरू झाले की स्क्रीन दाखवण्याचा विधी येतो. "स्क्रीन दिसून राहिली का?" याला वीसजण एकदम उत्तर देतात, त्यातले निम्मे हो म्हणतात. जी दिसते ती वक्त्यांच्या संगणकाची पहिली पाटी असते: नातवाचा फोटो, आयकर विवरणपत्राची फाईल, आणि कोपऱ्यात 'बायोडेटा नवीन'. मग पॉवरपॉइंट उघडतो, पण पूर्ण पडद्यावर येत नाही. डाव्या कडेला पुढच्या सगळ्या पाट्या छोट्या आकारात ओळीने दिसत राहतात. श्रोत्यांना हा फार मोठा दिलासा असतो, कारण किती उरल्या ते सतत मोजता येते. "सर, स्लाइड शो करा" असे कोणीतरी सांगते, तेव्हा इतर त्या माणसावर मनातून नाराज होतात.

याच टप्प्यावर थकवा येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत या थकव्याची चार कारणे मांडली: पडद्यावरचे चेहरे नको तितके जवळ येऊन एकटक पाहतात, स्वतःचा चेहरा सतत दिसत राहतो, हालचाल करता येत नाही, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणा करायला नि समजायलाही डोके चालवावे लागते. चारही कारणे मलकापुरात लागू पडतात. पाचवे, म्हणजे दुपारच्या जेवणात वरण-बट्टी असणे, त्यांच्या निबंधात आलेले नाही. दुसरे कारण सगळ्यांत मोठे. सभागृहात माणूस तीन तास वक्त्यांकडे किंवा समोरच्याच्या टकलाकडे पाहतो. इथे तो तीन तास स्वतःला पाहतो. आपण ऐकताना असे दिसतो हे त्याला आयुष्यात प्रथमच कळते. मग तो ऐकणे सोडून ऐकत असल्यासारखा दिसण्याकडे लक्ष देतो, भुवया किंचित उंच ठेवतो, मधून मधून वहीत काहीतरी लिहितो. वहीत किराणा असतो.

आणि मग नळ येतो.

वऱ्हाडातल्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही. तो कधी येईल याचा अंदाज असतो, खात्री नसते, आणि आला की घरातले बाकी सगळे कार्यक्रम तहकूब होतात. त्या दिवशी वक्ते उत्तर-आधुनिकतेच्या दुसऱ्या पाटीवर आहेत. सहभागीने थोड्या वेळापूर्वी "हाव सर, येऊन राहिला" म्हणण्यासाठी माइक उघडला होता, तो उघडाच आहे. स्वयंपाकघरातून हाक येते: "नळ आला नं वो! मोटर लावा लवकर, मागच्या खेपेले टाकी अर्धीच भरली होती!" वक्ते थबकतात. नांदेड, सोलापूर आणि न्यू जर्सी येथील सहभागींना मलकापूरच्या टाकीची स्थिती कळते. सहभागी ताडकन उठतो, आणि कमरेखाली इस्त्री नव्हती हेही त्यांना कळते. पाठोपाठ आजींचा आवाज: "काय रे, कोणाशी बोलून राहिला तू इतका वेळ?" यावर तरुण तंत्रसाहाय्यक सर्वांचे माइक एका कळीने बंद करतो. असा अधिकार सभागृहातल्या कोणत्याही अध्यक्षाला आजवर मिळालेला नव्हता, आणि परिसंवादांचा इतिहास पाहता तो फार आधी मिळायला हवा होता.

टाकी भरून परत आल्यावर घरातली मंडळी खोलीत थांबलेली असतात. पाणी भरून झाले, दूध तापले, आता जरा टेकावे म्हणून पत्नी खाटेच्या काठावर बसते आणि पहिल्यांदाच एक आख्खे व्याख्यान कानावर पडते. ती थोडा वेळ ऐकते. मग विचारते, "तुम्ही दोन दोन दिवस मुंबईले जाऊन हेच करत होते काय?" माइक बंद असतो हे त्या क्षणी सहभागीचे भाग्य. या प्रश्नाला उत्तर देण्याची पद्धत अद्याप विकसित झालेली नाही. तिथे जेवण चांगले असे, हे खरे उत्तर आहे, पण ते कर्तव्य रजेच्या अर्जात लिहिलेले नव्हते.

प्रश्नोत्तरांचा भाग लवकर आटोपतो. पूर्वी प्रश्न विचारण्यासाठी उठलेला माणूस स्वतःचे छोटे व्याख्यान देऊन बसत असे. त्याला आता माइक उघडताच येत नाही. सगळी वर्दळ लेखी गप्पांच्या चौकटीत असते. सकाळपासून तिथे 'शुभ सकाळ, मलकापूर', 'शुभ सकाळ, परभणी' अशी हजेरी चाललेली असते. 'अतिशय माहितीपूर्ण व्याख्यान' असा अभिप्राय वक्ते माइक शोधत असतानाच येऊन पडतो. शेवटच्या अर्ध्या तासात एकच प्रश्न उरतो, तो सर्व विद्याशाखांतून विचारला जातो: "सर, फीडबॅकची लिंक?" आयोजकही मुरलेले असतात, लिंक अगदी शेवटी आणि थोडाच वेळ उघडी ठेवतात. जे मधल्या काळात मोबाइल लावून शेतावर गेले होते ते याच सुमारास परततात, आणि सत्राची उपस्थिती आभारप्रदर्शनाच्या वेळी सर्वाधिक होते. सभागृहाच्या काळात आभाराला वक्ता, निवेदक आणि मंडपवाला एवढेच उरत.

फीडबॅकमध्ये 'कार्यक्रम कसा वाटला' याला उत्कृष्ट, अतिउत्तम आणि उत्तम एवढेच पर्याय असतात. काही ठिकाणी पाच प्रश्नांची चाचणी असते आणि ४० टक्के मिळाले तरच प्रमाणपत्र. प्रश्नाचे उत्तर पुढच्या प्रश्नात दिलेले सापडते. फॉर्म पाठवला की सहभागी दर दोन मिनिटांनी ईमेल उघडून पाहतो. प्रमाणपत्र येत नाही. यात कोणाचा दोष नसतो. प्रमाणपत्रे आपोआप पाठवणारी यंत्रणा बहुधा आयोजकांच्या साध्या जीमेल खात्यावर चालते आणि तशा खात्यावरून गूगलची स्क्रिप्ट दिवसाला १०० जणांनाच ईमेल पाठवू देते. नोंदणी हजाराची असेल तर शेवटच्या माणसाला दहाव्या दिवशी मिळते. या दहा दिवसांत तो संयोजकांना रोज फोन करतो, आणि दोन कॉलेजांमध्ये जो विद्वत्तापूर्ण संपर्क तीन तासांत साधला नव्हता तो साधतो.

प्रमाणपत्र आले की आधी ते सगळ्या ग्रुपवर जाते. मग झेरॉक्सच्या दुकानात, टाळेबंदीच्या वेळा पाळून, रंगीत प्रत निघते. जाड कागदावर सोनेरी किनार, पाच सह्या, दोन बोधचिन्हे, आणि मधोमध नाव. मुलीने घाईत पदनामाच्या रकान्यात 'प्रा.' निवडले होते आणि नावाआधी पुन्हा 'प्रा.' टंकले होते, म्हणून 'प्रा. प्रा.'. खाली गाव: मलकापूर, जि. सातारा. ते कऱ्हाडजवळचे मलकापूर चोवीस तास नळाचे पाणी देणारे गाव म्हणून नावाजलेले आहे. तिथल्या सहभागीला उत्तर-आधुनिकतेच्या दुसऱ्या पाटीवरून उठावे लागले नसते. दुरुस्तीसाठी ईमेल पाठवावा लागतो. चार दिवसांनी दुसरे प्रमाणपत्र येते, त्यात जिल्हा बरोबर असतो. गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांना दोन्ही दाखवली जातात. ते दोन्ही नीट निरखतात, पंच करतात आणि वर्षाच्या फायलीत वेगवेगळ्या अनुक्रमांकांनी लावतात.